सांगलीत राहून ऑनलाइन जाहिरातीचं काम शिकताना: नव्यानं येणाऱ्यांसाठी

हरभट रोडवरच्या एखाद्या जुन्या कापड दुकानदाराला विचारा, दिवाळीची जाहिरात पूर्वी कशी व्हायची. पेपरात हँडबिलं घालायची, रिक्षावर भोंगा लावून मिरज-कुपवाडपर्यंत फिरवायचा, स्टँडजवळ फ्लेक्स लावायचा. जरा जास्त खर्चाची तयारी असली तर पेपरात पाव पान घ्यायचं. गिऱ्हाईक यायचं, पण कोणत्या खर्चामुळे आलं हे मालकालाही सांगता यायचं नाही. आज तोच मालक फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगलवर पैसे घालतो आणि संध्याकाळी मोबाइलवर बघतो, की जाहिरात किती जणांना दिसली, किती जणांनी दाबली आणि व्हॉट्सअॅपवर किती जणांनी भाव विचारला.

मार्केटिंगचं काम बदललं ते या मोजमापामुळे. हे आकडे वाचून मालकाला त्याच्या भाषेत हिशोब देणारा माणूस आज दुकानांना हवा आहे. नुसती सुंदर पोस्ट बनवून देणाऱ्यालाही काम मिळतं, पण दोन-तीन महिन्यांत मालक विचारतो, "यातून आलं काय?" त्याला उत्तर देता आलं तर काम टिकतं.

बी.कॉम., बीबीए झाल्यावर पुण्याला जावं का इथंच राहावं या विचारात असलेल्यांसाठी, फ्लेक्स-डीटीपीचं काम कमी होत चाललेल्यांसाठी आणि घरून मसाले, पापड, बेदाणे विकणाऱ्या ताईंसाठी हे लिहितो आहे. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पुढची पायरी आधीच्या पायरीवरच उभी आहे.

पाया: हे चालतं कसं

गूगलनं जाहिराती विकण्याची सेवा 2000 साली सुरू केली, फेसबुकनं 2007 साली. आपल्याकडे हे घराघरात पोचलं ते 2016 नंतर. त्या वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि यूपीआयही सुरू झालं. 2018 च्या सुरुवातीला व्हॉट्सअॅप बिझनेस आलं. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. छोट्या दुकानाला जाहिरातीसाठी स्टुडिओ लागत नाही, एक मोबाइल पुरतो, ही परिस्थिती इतकी ताजी आहे. म्हणून या धंद्यात वीस वर्षांचा अनुभव असलेले फारसे कुणी नाहीत. नव्या माणसाला जागा आहे.

जाहिरात दाखवण्याआधी प्रत्येक वेळी लिलाव होतो. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तसाच, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. फरक एवढाच, की यार्डात चढी बोली लावणारा माल नेतो. इथं बोलीच्या जोडीला हेही बघितलं जातं की तुमची जाहिरात या माणसाला आवडण्याची, त्यानं ती दाबण्याची शक्यता किती आहे. लोकांना आवडणारी जाहिरात कमी पैशात जास्त जणांना दिसते आणि कंटाळवाणी जाहिरात महाग पडते. छोटा दुकानदार मोठ्या ब्रँडसमोर टिकतो तो याच कारणानं.

दुसरी गोष्ट म्हणजे गूगल आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वभावातला फरक. गूगलवर माणूस स्वतः काहीतरी शोधत असतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं, म्हणजे ही त्या गावाचीच खास वस्तू अशी सरकारी नोंद झाली. तानपुरा शोधणारा माणूस कोलकात्यात असेल नाहीतर लंडनमध्ये, पण त्याला तानपुराच हवा आहे. त्याच्यासाठी गूगल आणि यूट्यूब. साडीचं तसं नाही. साडी घ्यायचं डोक्यात नसलेल्या बाईलाही रंग बघून थांबावंसं वाटतं, म्हणून तिथं इन्स्टाग्राम, फेसबुक. प्लंबर, पंक्चरवाला, मेस, क्लिनिक यांना गूगल मॅप सगळ्यात जास्त उपयोगी. कोणता धंदा कुठं जातो हे आधी ठरवा, नाहीतर पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

एकच दुकान घ्या

सुरुवातीला पाच गिऱ्हाइकांच्या मागे लागू नका. काकांचं किराणा दुकान असेल, मैत्रिणीच्या आईचं भडंग-चिवड्याचं काम असेल, एक घ्या आणि तीन महिने त्याचंच करा. मोबाइलला हात लावण्याआधी त्या दुकानात दोन-तीन दिवस नुसतं बसा. गिऱ्हाईक आत आल्यावर पहिला प्रश्न काय विचारतं? कशावर अडतं? कोणती वस्तू मागून न मिळाल्यानं परत जातं? मालकाला विचारा: कोणत्या मालात किती सुटतं, फोन कोण उचलतं, दुपारी एक ते चार दुकानात कोण असतं. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण बहुतेक जाहिराती तिथंच वाया जातात. मेसेज येतात आणि उत्तर द्यायला कुणी नसतं.

फुकटातलं आधी

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि गूगल मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद, फुकट आहे, म्हणून तेच पहिलं काम. दुकानाच्या पाटीवर आहे तेच नाव लिहा. त्यापुढे "सांगलीतील सर्वोत्तम साडी दुकान" असं शेपूट जोडलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, दुकानाची पाटी, आतला माल आणि कुलूप उघडणं किंवा गल्ल्यामागे जाणं अशी मालकीची खूण दिसली पाहिजे. नकाशावरची खूण बारकाईनं तपासा. गणपती पेठेतल्या एखाद्या बोळातलं दुकान मागच्या गल्लीत दिसत असेल, तर नवखं गिऱ्हाईक फोन न करता सरळ दुसरीकडे जातं.

साप्ताहिक सुट्टी आणि सणाच्या वेळा नीट भरा. 2019 आणि 2021 च्या महापुरात अनेक दुकानं बंद होती आणि गूगलवर मात्र "उघडे आहे" दिसत होतं. कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की प्रोफाइलवर "तात्पुरते बंद" करा आणि चालू जाहिराती थांबवा. हे काम तुमचं आहे. मालक तेव्हा माल वरच्या मजल्यावर हलवत असतो.

रिव्ह्यू मागायला लाजू नका, पण रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट रिव्ह्यूला त्याच दिवशी, शांतपणे, दुकानाच्या नावानं उत्तर द्या. नवं गिऱ्हाईक तारे बघतं, त्याहून जास्त ते उत्तर वाचतं.

खाती कुणाच्या नावावर

यावरून होणारी भांडणं इथं सगळ्यात जास्त. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम खातं, जाहिरातीचं खातं, डोमेन (वेबसाइटचा पत्ता), सगळं मालकाच्या नावावर आणि मालकाच्या मोबाइल नंबरवर असावं. तुम्ही मालकाचा पासवर्ड घेऊ नका. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्रामची मालक कंपनी) बिझनेस सेटिंगमधून तुम्हाला कामापुरता अधिकार देता येतो आणि काम संपल्यावर काढूनही घेता येतो. कार्डही मालकाचंच. टू-फॅक्टर पडताळणी, म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरा कोड, पहिल्या दिवशी चालू करा. "कॉपीराइटचा भंग झाल्यानं तुमचं पेज 24 तासांत बंद होईल, इथं क्लिक करा" असा मेसेज येईल. तो चोराचा असतो. क्लिक करू नका, दुकानातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

दाखवायचं काय

आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी शोधलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि 1920 साली तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते प्रसिद्धीपत्रक. लोकांनी ते वाचावं म्हणून त्यात वाचण्याजोगं द्यायला लागले, आणि पुढे ते महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. आज लोक ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून फी भरून शिकतात, ते हेच.

तासगावच्या बेदाण्याचं घ्या. "उत्तम दर्जा, योग्य भाव" अशी पोस्ट कुणी बघत नाही. पण शेडमध्ये जाळीवर पसरलेली द्राक्षं, त्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेले घड, हिरवा आणि पिवळा बेदाणा शेजारी-शेजारी ठेवून त्यांतला फरक, आणि घरी आणल्यावर तो धुऊन कसा ठेवायचा, हे दाखवलं तर मुंबईतली गृहिणी शेवटपर्यंत बघते. काय वापरलं जातं ते लपवू नका. विचारणारे विचारतातच, आणि सरळ सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. हळदीचंही तसंच. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद साठवायची पद्धत सांगलीबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे. शिजवणं, वाळवणं, पॉलिश, सौदा, यातला एकेक टप्पा म्हणजे एकेक रील.

तांत्रिक भाग थोडक्यात. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतरच्या उजेडात, दाराजवळ, मोबाइल उभा धरून शूट करा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत वस्तू दिसली पाहिजे. दुकानाचा लोगो फिरवत बसू नका. आवाजासाठी साधा कॉलरचा माइक घ्या. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मराठी अक्षरं स्क्रीनवर टाका. सिनेमातलं गाणं धंद्याच्या व्हिडिओला लावू नका, हक्काचा प्रश्न येतो. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या. डिझाइनला कॅनव्हा आणि एडिटिंगला इनशॉट सुरुवातीला पुरे.

भाषा मात्र मनापासून सांभाळा. "त्वरा करा, मर्यादित साठा" हे सगळ्यांचंच असतं. दुकानातला माणूस बोलतो तसं लिहा: "नऊवारी आलीय. सहा रंग. मापाची शिवून पाहिजे असंल तर चार दिवस लागतील." हे वाचल्यावर माणूस भाव विचारतो.

पहिली पैशाची जाहिरात

पोस्टखालचं "बूस्ट" बटण सोपं आहे, पण त्यात तुमच्या हातात फार थोडं राहतं. अॅड्स मॅनेजर, म्हणजे मेटाचं जाहिराती लावायचं साधन, उघडा. उद्देश विचारला जाईल. "लाइक" किंवा "पोच" निवडली तर तेवढंच मिळेल, गिऱ्हाईक नाही. यंत्र सांगितलेलं काम इमानदारीनं करतं. दुकानासाठी व्हॉट्सअॅप मेसेज हा उद्देश घ्या.

मग ठिकाण. नकाशावर सांगलीभोवती गोल काढला की तो सांगली-मिरज-कुपवाड घेतो, नदीपलीकडे जयसिंगपुरात जातो आणि मिरजेच्या अंगाला मोठा केला की कागवाडच्या बाजूनं कर्नाटकात शिरतो. सीमेवरची गिऱ्हाइकं मिरजेत खरेदीला येतातच, त्यामुळे लग्नाच्या बस्त्याला ते चांगलं. घरपोच डबा देणाऱ्या मेसला मात्र तो पैसा वाया. आटपाडी आणि जत आपल्याच जिल्ह्यात असली तरी लांब आहेत. तिथून कोण कशासाठी सांगलीला येतं हे मालकाला विचारूनच ती घाला.

रोजचे दोनशे-तीनशे रुपये, सात ते दहा दिवस. दोन वेगवेगळे व्हिडिओ, बाकी सगळं सारखं. रोज उठून बदल करू नका. कुणाला दाखवायचं हे यंत्र शिकत असतं आणि मेटाच्याच सांगण्यानुसार त्याला आठवड्यात साधारण 50 प्रतिसाद लागतात. कमी पैशात पाच-सहा जाहिराती पसरल्या तर एकीलाही तेवढे मिळत नाहीत. आणि मालकाला आधीच सांगा, की जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो.

हिशोब

इथं थांबा आणि सावकाश वाचा, कारण क्लासमध्ये हे शेवटच्या तासाला उरकतात.

समजा साडीच्या दुकानानं 3,000 रुपये घातले. जीएसटीसह 3,540. मेसेज आले 60, म्हणजे एक चौकशी 59 रुपयांना. त्यातले 14 जण दुकानात आले, 6 जणांनी सरासरी 2,000 ची खरेदी केली. विक्री 12,000. नवखा मुलगा मालकाला सांगतो, "साडेतीन हजारांत बारा हजार आणले." पण दुकानाला साडीत 25 टक्के सुटत असतील, तर हातात आले 3,000. खर्च 3,540. दुकान 540 रुपये तोट्यात आहे. एक गिऱ्हाईक आणायला 590 लागले आणि एका गिऱ्हाइकामागे सुटले 500.

आता जाहिरात बंद करायची का? लगेच नाही. आधी 60 मेसेज उघडून बघा. त्यातले वीसेक रात्री नऊनंतर आलेले आणि दुसऱ्या दुपारी उत्तर गेलेलं, असं सापडण्याची शक्यता मोठी आहे. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये रात्रीचं आपोआप उत्तर लावा, दहा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा, सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना फोटो आणि भाव पाठवा. एवढ्यानं सहाची आठ गिऱ्हाइकं झाली तर सुटलेले पैसे 4,000 होतात आणि तोच खर्च फायद्यात येतो. जाहिरातीत एक अक्षर न बदलता.

पुढचा विचार मालाचा. एकेक साडीची जाहिरात करण्यापेक्षा तुळशीच्या लग्नाच्या आधीपासून बस्त्याची करा. एका बस्त्याची खरेदी एकेका साडीच्या कितीतरी पट असते. हळद, मसाल्याचं उलटं आहे: पहिल्या पाकिटात तोटा झाला तरी तीच बाई वर्षभर मागवते, म्हणून तिथं दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरपर्यंतचा हिशोब धरायचा. बाहेरगावी पाठवत असाल तर कुरिअरचा खर्च आणि कॅश ऑन डिलिव्हरीत परत येणारी पार्सलं धरल्याशिवाय फायदा झाला म्हणू नका. परत येणाऱ्या पार्सलचं जाणं-येणं दोन्हीचं भाडं तुमच्या माथी असतं.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक जाहिरातीतून आलं हे कळायचं कसं? गल्ल्याजवळ वही ठेवा आणि बिल करताना "कुठं बघितलं?" एवढंच विचारा. जाहिरातीसाठी वेगळा व्हॉट्सअॅप नंबर ठेवला तर अजून सोपं.

कायदा आडवा येतो तिथं

मिरज दवाखान्यांचं गाव आहे, म्हणून डॉक्टर तुमच्याकडे येतीलच. त्यांचे व्यावसायिक आचाराचे 2002 चे नियम रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई करतात. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला अशा मोजक्या गोष्टी कळवता येतात. वकिलांनाही जाहिरातीची बंदी आहे. त्यांच्यासाठी प्रोफाइल नीट करणं, वेळा-पत्ता बरोबर ठेवणं इथवरच काम घ्या.

खाण्याच्या पदार्थांना एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नंबर पाकिटावर हवा. हळदीनं मधुमेह किंवा कॅन्सर बरा होतो असं लिहिलं की 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा लागतो. मालक कितीही आग्रह करो, लिहू नका. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जीआय आहे म्हणून कुणीही पाकिटावर ती खूण छापू शकत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. तुम्ही स्वतः रील बनवून पैसे किंवा फुकट माल घेत असाल तर ती जाहिरात आहे हे रीलमध्येच ठळक सांगा.

नोकरी आणि धंदा

शिकायला गूगल स्किलशॉप आणि मेटा ब्लूप्रिंट हे त्या कंपन्यांचेच ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. प्रमाणपत्र घ्या, पण मुलाखतीला जाताना तुमच्या एका दुकानाचा तीन महिन्यांचा हिशोब एका कागदावर घेऊन जा: किती घातले, किती चौकशा, किती विक्री, काय बदललं. त्या कागदावर जास्त बोलणं होतं. "शंभर टक्के नोकरीची हमी" देणाऱ्या क्लासला जास्तीची फी भरण्याआधी मागच्या बॅचची दोन मुलं गाठून विचारा. "व्हिडिओ लाइक करा, रोज हजार मिळवा" असा टेलिग्रामवरचा जॉब ही शुद्ध फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी परत मिळण्याची आशा कमी.

एआयची भीती अनेकांना वाटते. गूगलचं परफॉर्मन्स मॅक्स, मेटाचं अॅडव्हांटेज प्लस ही साधनं कुणाला दाखवायचं आणि किती बोली लावायची हे आता स्वतः ठरवतात. नुसती बटणं दाबता येणाऱ्याचं काम त्यामुळे खरंच कमी होईल. पण शेडमध्ये जाऊन शूट करणं, दुकानाच्या बोलीत लिहिणं, मेसेजला उत्तर जातंय का बघणं, सुटलेल्या पैशाचा हिशोब मांडणं हे जवळ असणाऱ्या माणसाचं काम आहे. सांगलीत राहण्याचा फायदा तोच.

आणि सगळे दुकानांच्या मागे असताना कुपवाड, मिरज एमआयडीसीकडे कुणी फारसं बघत नाही. कास्टिंग, यंत्रांचे भाग बनवणारे कारखाने उत्तम माल करतात आणि वेबसाइट बघाल तर फोटो अंधुक, मापं नाहीत, फोन नंबर जुना. त्यांना रील नको. स्वच्छ कॅटलॉग, चांगले फोटो, लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या साइटवर पान, इंडियामार्ट या घाऊक खरेदीच्या साइटवरच्या चौकशीला त्याच दिवशी उत्तर एवढं केलं तरी पुरे. महिन्याला चार चौकशा आल्या तरी त्यातली एक ऑर्डर वर्षभर चालते. अभियांत्रिकीचं शिक्षण घेऊन मार्केटिंगकडे वळणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

फी ठरवताना दोन आकडे वेगळे ठेवा: जाहिरातीचे पैसे मालकाच्या कार्डावरून थेट कंपनीला, तुमची मजुरी वेगळी. दोन्ही एकत्र घेतले की दुसऱ्या महिन्यात संशय सुरू होतो. महिन्यात किती व्हिडिओ, किती जाहिराती, मेसेजला उत्तर कोण देणार, हिशोब कोणत्या तारखेला मिळणार हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. निम्मी मजुरी आधी घ्या. विक्रीवर टक्केवारी मागण्याचा मोह पहिल्या सहा महिन्यांत टाळा, कारण दुकानात माल असणं-नसणं आणि फोन उचलणं तुमच्या हातात नसतं. आणि महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, तोटा असला तरी, हिशोबाचा कागद मालकाच्या हातात द्या.